परतीची तारीख

पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं कुत्र्यांशी नातं कसं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी आता काउंटरवर बसतो, पण पहिली पाच वर्षं मिरजेच्या गल्ल्यांतून सायकलवर टपाल वाटलं आहे आणि त्याची खूण माझ्या डाव्या पोटरीवर आहे. त्यामुळे २०२३च्या ऑगस्टमध्ये मुलीनं विचारलं, "अब्बा, एक कुत्री पंधरा दिवस आपल्याकडं ठेवू या का?" तेव्हा माझा हात आधी पोटरीकडं गेला.

मुलगी सुट्टीच्या दिवशी एका प्राणिमित्र संस्थेत मदतीला जाते. अशा संस्थांच्या निवाऱ्यात जागा थोडी आणि जनावरं फार असतात. गोंगाटात आजारी जनावर खात नाही, शिवाय एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. म्हणून ते बरं होईपर्यंत किंवा त्याला कायमचं घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबानं सांभाळायचं. याला ही मुलं 'फॉस्टर' म्हणतात. त्याचा एक फॉर्म असतो. त्यात लिहिलेलं असतं की जनावर संस्थेचं. डॉक्टर, लस आणि औषध यांचा खर्च संस्थेचा. जागा, जेवण आणि वेळ तुमची. परस्पर कुणाला देऊन टाकायचं नाही, संस्थेला विचारल्याशिवाय मोठा उपचार करायचा नाही. तळाला एक रकाना होता, परत देण्याची तारीख. मुलीनं तिथं पंधरा दिवसांनंतरची तारीख घातली.

या व्यवहाराला मराठीत शब्द नाही असं ती म्हणाली. मी म्हटलं, आहे की, अनामत. मूळ अरबी 'अमानत', दुसऱ्याची आपल्याकडं विश्वासानं ठेवलेली वस्तू. मराठीनं त्यातल्या 'म' आणि 'न'ची अदलाबदल केली आणि शब्द कचेरीत नेऊन बसवला. आमच्या पोस्टाला तर हे काम नवं नाही. ज्याचा धनी सापडत नाही ते पाकीट काही दिवस नीट ठेवायचं, उघडायचं नाही, हरवायचं नाही.

पाकीट आलं ते चौदा किलोचं, तांबूस रंगाचं, वय आठ-नऊ वर्षं. कानाला छोटा काप होता; नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याची ती खूण. संस्थेच्या कार्डावर नाव राणी. आमच्या अम्मीनं तिला पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "कित्ते दिनां के वास्ते आयी ये?"

अम्मीचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. पाच वेळची नमाजी. आमच्या हनफी घरात कुत्र्याची लाळ नापाक मानतात. ती कपड्याला लागली तर कपडा धुवावा लागतो, आणि घरात कुत्रं असलं तर रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. ओळखीच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "हौसेसाठी पाळू नका. आजारी जिवाची सेवा करायला कुणाची मनाई नाही. नमाजची जागा वेगळी ठेवा, लाळ लागेल ते धुवा." तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस त्यांनी अम्मीला आठवण करून दिली. अम्मीला ती पाठच होती. राणीची सोय सोप्यात झाली, माजघराच्या उंबऱ्याच्या अलीकडं.

ती आली होती गोचीड तापासाठी. उष्ण हवेत वाढणारी तपकिरी गोचीड चावली की एर्लिकिया नावाचे जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतात. ताप येतो, खाणं सुटतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात, कधी नाकातून रक्त येतं. यावर डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध आहे; ते साधारण चार आठवडे न चुकता द्यावं लागतं. वेळेत कळलं तर कुत्रं बरं होतं. न कळता मुरलं, तर जाता जाता मूत्रपिंडाला धक्का देऊन जातं. राणीच्या बाबतीत ते किती दिवस मुरलं होतं, हे सांगायला कुणी नव्हतं.

नवव्या दिवशी पहाटे सोप्यात धडधड ऐकू आली. पाहतो तर राणी आडवी, चारही पाय सायकल मारल्यासारखे हलताहेत, तोंडाला फेस, खाली लघवी. मी चप्पल शोधायला धावलो. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवायचा, हे आपल्या हाडांत इतकं मुरलेलं आहे. याचा माणसालाही उपयोग नाही आणि कुत्र्यालाही नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं. घड्याळ बघा. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. दिवा मालवा. तोंडात हात घालू नका. जीभ गिळली जात नाही, तुमची बोटं मात्र जातील. फिट बहुधा एक-दोन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एका दिवसात दोन-तीन आल्या, तर थांबू नका, दवाखाना गाठा. फिट ओसरल्यावर कुत्रं काही वेळ भिंतीला धडकतं, ओळख दाखवत नाही, आणि मग भलतंच भुकेजतं.

गल्लीत बातमी पसरली ती "पिसाळलंय" अशी. लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. राणीला रेबीजची लस दिलेली होती, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती आणि दोन फिटांच्या मध्ये शहाण्यासारखी वागत होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं झटके देताना किंवा लाळ गाळताना दिसलं, तर त्याला हात लावू नये. आणि कुठलंही कुत्रं चावलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी इंजेक्शनाला जावं. हळद-चुना नको. पोटरीच्या अनुभवावरून सांगतो.

अकरा दिवसांनी दुसरी फिट आली, तेव्हा गोळी सुरू झाली. फिनोबार्बिटोन. माणसांच्या फिटांसाठी १९१२पासून वापरात असलेलं हे औषध. या वयाच्या कुत्र्याच्या मेंदूत काही गाठ किंवा जुना मार असू शकतो. ते पाहायला एमआरआय लागतो आणि तो ना संस्थेला परवडणारा होता ना मला. कारण न कळता उपचार करायचे ठरले. गोळी बारा तासांच्या अंतरानं द्यायची, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पहिले दोन आठवडे राणी झिंगल्यासारखी चालायची, मग सरावली.

त्याच वेळच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंडाचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडल्याशिवाय हा आकडा फारसा हलत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आम्हाला कळलं तेव्हा उरलं होतं ते पावशेर. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं.

एक जुना आजार सांभाळणं सोपं असतं असं नाही, पण दोन आजार एकमेकांच्या आड लपतात, हे मी राणीकडून शिकलो. ती पाणी फार प्यायची. गोळीनं तहान वाढते, आणि मूत्रपिंड थकलं की पातळ लघवी फार होते, म्हणूनही तहान वाढते. कुठलं कशामुळं? गोळीनं भूक वाढते, मूत्रपिंडाच्या आजारानं मरते. मग ती नेहमीसारखं खाते आहे याचा आनंद मानायचा की नाही? तहान लागते म्हणून पाणी मात्र कधीही तोडायचं नाही. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. रोज भांड्यात मोजून किती पाणी ओतलं, किती उरलं, खाणं, उलटी, फिटेची वेळ, आठवड्याला वजन. माझ्या कवितेच्या वहीपेक्षा ती वही नियमित भरली गेली, हे कबूल करतो.

पुढं दिवसाआड सलाइन आलं. हे शिरेतून नव्हे, कातडीखाली द्यायचं असतं, आणि डॉक्टरांनी शिकवल्यावर घरी जमतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाला सोसेल इतकी करायची. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखा आकार होतो, त्यात सुई. वजनाच्या हिशोबानं राणीला दीडशे मिलिलिटर ठरलं होतं. पाठीवर उंटासारखं मदार उठतं, हळूहळू ते एका बाजूला उतरतं आणि काही तासांत जिरतं. पहिल्यांदा सुई आरपार जाऊन अर्धं सलाइन माझ्या पायजम्यावर गेलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, औषधाच्या दुकानांना तोटा नाही. पण बाटली टांगायला घरात जागा नव्हती. शेवटी ती सोप्यातल्या कोट अडकवायच्या खुंटीला लागली.

जेवणात हाडं आणि मीठ बंद. हाडांत फॉस्फरस फार, तो थकलेल्या मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. भात, दुधी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. कांदा-लसूण कुठल्याच कुत्र्याला नको, त्यानं रक्तपेशी फुटतात. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळीही स्वतःच्या मनानं द्यायची नाही. अंड्यातला पिवळा भाग माझ्या वाट्याला यायचा, आणि माझं कोलेस्टेरॉल हा वेगळा विषय आहे.

आता माझी चूक सांगतो. २०२४च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला कविसंमेलन होतं. शनिवारी सकाळी पाकिटात दोनच गोळ्या उरल्या. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठी जुनी झाली होती. सोमवारी बघू, एक दिवसानं काय होतं, असं म्हणून मी गेलो. तिथं मला दादही बरी मिळाली. रविवारी रात्री परतलो तेव्हा राणीला दोन फिटा येऊन गेल्या होत्या. मी बूट काढत असताना तिसरी सुरू झाली आणि पाच मिनिटं झाली तरी थांबेना. बायकोनं आणि मी तिला चादरीत घालून रिक्षानं डॉक्टरांच्या घरी नेलं. इंजेक्शननंतर ती शांत झाली. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ही गोळी अचानक तोडणं हे कधीच न देण्यापेक्षा वाईट." शरीर तिच्यावर टेकलेलं असतं, टेकू एकदम काढला की फिटा उसळून येतात. त्यानंतर घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक असतात आणि पाकिटावर संपण्याची तारीख मी पोस्टाच्या शाईनं लिहितो.

त्या रात्री घरी आलो तर अम्मी जागी, तसबीह हातात, उंबऱ्याजवळ बसलेली. "बेगम जिंदा है ना?" कार्डावरची राणी घरात बेगम कधी झाली, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ताटली समोर आणून ठेवल्याशिवाय उठत नाही म्हणून अम्मीनंच ते नाव ठेवलं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये बकरी ईदला सगळ्या गल्लीला वाटा गेला आणि सोप्यात बेगम नुसता भात हुंगत बसली. अम्मीला ते पाहवलं नाही. दुपारी कुणी नसताना तिनं पायाचं हाड आणि रस्सा ताटलीत घातला. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, चार दिवस खाणं बंद, क्रिएटिनिन वर. अम्मीनं मला स्वतः सांगितलं. मी काय बोलणार? कोल्हापूरची दाद माझ्या कानात होतीच. त्यानंतर भाताची ताटली अम्मी समोर बसून रिकामी करवते आणि मग हात धुऊन वुजू करायला जाते.

पुण्याचं एक कुटुंब नोव्हेंबरात बेगमला कायमची न्यायला आलं होतं. माणसं चांगली होती. मी वही दाखवली, खुंटी दाखवली, सहा आणि सहाची गोष्ट सांगितली. दोघंही नोकरीवाले, रात्री आठला घरी येणारे. त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली, कारण पालकघराचं काम जनावराला घर मिळवून देणं हे आहे, आणि मी वही जरा जास्तच तपशिलात दाखवली होती, असं मुलीचं म्हणणं आहे.

संस्थेनं मग फॉर्म बदलला. जुना आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांना सहसा कुणी नेत नाही. त्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या घरांचा फॉर्म वेगळा. खर्च तसाच संस्थेचा, मालकीही संस्थेची. फरक एका कलमाचा, शेवटच्या निर्णयाचा. जनावराचे हाल होऊ लागले तर डॉक्टर आणि संस्था त्याला कायमचं झोपवायचं का ते ठरवणार, आमचं मत विचारून. आमच्याकडं हयात आणि मौत अल्लाच्या हातात म्हणतात. अम्मीपुढं हे कलम वाचताना माझा आवाज नीट निघेना. डॉक्टर म्हणाले, तो दिवस आल्यावर ठरवू नका, आत्ता लिहून ठेवा: कुठल्या तीन गोष्टी बंद झाल्या की बेगम, बेगम राहणार नाही. बायकोनं सांगितलं, स्वतः उठून अंगणात जाणं. मुलीनं सांगितलं, ताटली चाटणं. मी दोन दिवस घेतले आणि लिहिलं, मी पोस्टातून आल्यावर शेपटी हलवणं.

अम्मीनं काही लिहू दिलं नाही. फक्त विचारलं, परत द्यायची तारीख काय घातली? तो रकाना या वेळी आम्ही कोरा ठेवला आहे.

परवाच्या तपासणीत आकडा आणखी थोडा वर गेला. सलाइन आता रोज आहे. तिन्ही गोष्टी अजून चालू आहेत. शेपटी जरा सावकाश हलते. भाषण लिहायला बसलो की मला वेळेचं भान राहत नाही, पण माजघरातून अम्मीचा आवाज येतोच, "छे बजे की नै?" वाजलेत. गोळी भातात घालून देतो.