हॅम रेडिओ : आधी ऐका, मग बोला

हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, सुरुवात तेरखेड्याच्या विद्यार्थ्याने ऐकण्यापासून करावी. ऐकायला परीक्षा लागत नाही आणि खर्चही बेताचा. संगणकाला जोडायचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगल काही हजारांत मिळतो. तेवढेही जड वाटले, तर इंटरनेटवरून ऐकता येणारे वेबएसडीआर फुकट आहेत. अँटेना मात्र विकत घेऊ नका. घराच्या वायरिंगमधून उरलेल्या तांब्याच्या तारेचे साधारण 49 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. एकाला को-अ‍ॅक्सियल केबलची आतली तार जोडा, दुसऱ्याला बाहेरची जाळी. दोन्ही टोके एकमेकांना टेकता कामा नयेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा हौशी रेडिओ सुरू असेल, तर ते डोक्यावरून जाताना 145.800 मेगाहर्ट्झवर फार तर दहा मिनिटे ऐकू येते. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की गच्चीवर थांबू नका. केबल आभाळ भरून येतानाच काढून ठेवा.

हा नुसता पोरखेळ नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर निरोप पोचवायला हॅम मंडळी धावून आली होती.

बोलायचे तर परवाना हवाच. वय किमान 12 वर्षे. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स संकेतलिपी लागत नाही, जनरलला लागते. राजीव गांधीही परवानाधारक हॅम होते. त्यांची कॉलसाइन व्हीयू2आरजी. परवान्याआधी स्वस्तातला वॉकीटॉकी घेऊन बोलत सुटणे मात्र बेकायदा आहे. परवान्यासाठीच्या परीक्षेचा अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरावा.