डोंगर बँकेच्या दारात

बँकेत डोंगर आणायला फारसं सामान लागत नाही. पोतंभर माती, ती ओतणारी दोन-चार माणसं आणि ती ओतली जात असताना गाणारा एखादा ताफा एवढं पुरतं. न्यूयॉर्कमध्ये ‘रेव्हरंड बिली’ या नावाने पाद्र्याचं सोंग घेणारे नट बिल टॅलन आणि त्यांचा गायकवृंद यांनी कोळशाच्या खाणींना कर्ज देणाऱ्या जेपी मॉर्गन चेस बँकेच्या शाखांमध्ये हेच केलं. चकचकीत फरशीवर अपालाचिया डोंगररांगेतल्या मातीचे छोटे डोंगर रचले. हा प्रकार पोरकट वाटू शकतो. पण त्यात एक नेमका हिशेब आहे, आणि कोळशाविरुद्धच्या सगळ्या प्रयोगांचं यशापयश मला त्याच हिशेबावर ठरताना दिसतं. नुकसान एका जागी होतं आणि निर्णय दुसऱ्या जागी. या दोन जागांमधलं अंतर जो प्रयोग तोडतो, तो चालतो. जो फक्त दुःख दाखवतो, त्याचा फोटो होतो.

अंतर का महत्त्वाचं, हे कळायला खाणीची रीत पाहावी लागते. अपालाचियातल्या वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी राज्यांत कोळशाचे पातळ थर डोंगराच्या पोटात एकावर एक असतात. बोगदा खणून ते काढण्यापेक्षा डोंगराचा माथाच काढून टाकणं स्वस्त पडतं. आधी जंगल साफ करतात. मग खडकात ओळीने भोकं पाडून त्यांत अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेलाचं मिश्रण ठासतात आणि सुरुंग लावतात. फुटलेला दगड ड्रॅगलाइन नावाचं यंत्र उचलतं. मोठी ड्रॅगलाइन वीस मजली इमारतीएवढी असते. हा दगड जातो शेजारच्या दरीत, आणि दरीत असतो ओढा. असे सुमारे दोन हजार मैलांचे ओढे गाडले गेल्याचा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. कोळसा धुतल्यावर उरलेलं काळं पाणी बांध घालून डोंगरातच साठवतात. खाणीनंतर डोंगराला जवळपास मूळचा आकार परत द्यावा, असं १९७७ चा कायदा सांगतो, पण माथा उडवणाऱ्या खाणींना त्यातच सवलतीची वाट ठेवलेली आहे. आपल्याकडे चंद्रपूर-वणी पट्ट्यात नेमकं उलटं चित्र दिसतं. तिथे सपाट जमिनीवर ‘ओबी’चे, म्हणजे खाणीतून उपसलेल्या मातीचे, डोंगर उगवले आहेत. ते हमरस्त्यावरूनही नजरेत भरतात. अपालाचियातला गेलेला डोंगर मात्र दिसत नाही. दरीतल्या रस्त्यावरून जाणाऱ्याला माथा दिसत नसतो, खाणीच्या वाटेवर फाटक असतं, आणि पुरता विध्वंस विमानातूनच कळतो. कर्ज देणारा बँकवाला तर त्या दरीतही कधी आलेला नसतो.

आकडे असताना सोंगं कशाला, असा एक आक्षेप असतो. आकडे आहेतच. खाणींजवळच्या वस्त्यांमधल्या आजारांवर मायकेल हेंड्रिक्स यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं, कोळसा उद्योगाने ते तितक्याच चिकाटीने खोडून काढायचा प्रयत्न केला. अखेर या प्रश्नाचा तटस्थ अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सोपवण्यात आला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनेच तो मध्येच थांबवायला लावला. शास्त्राचं काम एका पत्राने थांबतं. शिवाय आकडा कितीही भक्कम असला तरी त्याला ऐकून घेणारा लागतो, आणि ऐकून न घेण्याची सोय निर्णय घेणाऱ्याला नेहमीच असते. मातीचा ढीग ही सोय काढून घेतो. तो झाडायला तरी माणूस बोलवावाच लागतो.

ही सोय काढून घेण्याचं काम सर्वांत पद्धतशीरपणे केलं ते फिलाडेल्फियाच्या ‘अर्थ क्वेकर ॲक्शन टीम’ने. क्वेकर हा मौनात बसून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ. माथा उडवणाऱ्या खाणींना भांडवल पुरवणाऱ्या पीएनसी बँकेच्या दालनात ही मंडळी जाऊन बसत आणि तिथेच उपासना सुरू करत. शाखाधिकाऱ्यापुढे मोठाच पेच. प्रार्थनेला बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोलिसांकरवी उचलायचं, की ग्राहकांसमोर तसंच बसू द्यायचं? त्यात या बँकेच्या पूर्वज बँकांपैकी एक क्वेकरांनीच काढलेली, म्हणजे आलेले पाहुणे एका अर्थी घरचेच. २०१२ साली ते फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला, बँकेच्या मुख्यालयापर्यंत, दोनशे मैल चालत गेले. पुढच्या वर्षी भागधारकांच्या सभेत ते एकामागून एक उभे राहून बोलत गेले, आणि सभा लवकर गुंडाळावी लागली. मार्च २०१५ मध्ये बँकेने असं कर्ज बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. पाच वर्षं आणि शंभराहून अधिक प्रयोग! एकदा झालेला तमाशा बँक सहन करते. पुढच्या महिन्यात ही मंडळी परत येणार आहेत, हे कळलं की ती हिशेब मांडायला बसते.

इथे जाणकार वाचक हटकेल की कोळसा हरला तो शेल वायू स्वस्त झाल्यामुळे, पाद्र्याच्या गाण्याने नव्हे. हे बरंचसं खरं आहे. मध्य अपालाचियातलं कोळशाचं उत्पादन २००८ नंतरच्या सात-आठ वर्षांत निम्म्याहून खाली आलं, आणि त्यात बाजारभावाचा वाटा सर्वांत मोठा. कोर्टकचेऱ्यांचाही वाटा आहे. पेट्रियट कोल या कंपनीने २०१२ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने सोडायचं कबूल केलं ते पाण्याच्या प्रदूषणाच्या खटल्यातल्या तडजोडीत. प्रयोगांनी डोंगर वाचवले असा दावा मी करणार नाही. पण वायू स्वस्त होता तेव्हाही कोणती बँक कधी माघार घेईल, हे वायूने ठरवलं नव्हतं. घसरता धंदा सोडायलाही निमित्त लागतं, आणि ते निमित्त कुणीतरी रोज दारात आणून ठेवावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही सगळी शहरी, शिकलेल्या लोकांची हौस, खाणकामगाराच्या पोटावर पाय देणारी. पोटाचा हिशेब आधी पाहू. वेस्ट व्हर्जिनियात १९४० च्या दशकाअखेर सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते, २०१० च्या सुमारास वीसेक हजार उरले. ही माणसं गाण्याने घालवली नाहीत. यंत्रांनी घालवली, आणि माथा उडवण्याची पद्धत तर कमीत कमी माणसांत काम उरकण्यासाठीच आहे. नाटकाबद्दल म्हणाल तर कंपन्याही ते करतात, आणि त्यांचा रंगमंच मोठा असतो. २००९ च्या कामगारदिनी मॅसी एनर्जी या कोळसा कंपनीने पुढाकार घेऊन होल्डन इथे कोळशाच्या बाजूने जंगी मेळावा भरवला. त्यात कंट्री संगीताचे गायक होते, रॉकवाले होते, टीव्हीवरचे निवेदक होते. त्याला कुणी ‘परफॉर्मन्स आर्ट’ म्हटलं नाही, एवढंच.

मात्र हौसेचा आरोप पूर्णपणे झटकता येत नाही. कलाकार बेथ स्टीव्हन्स मूळच्या वेस्ट व्हर्जिनियाच्याच. त्यांनी आणि ॲनी स्प्रिंकल यांनी २०१० मध्ये अपालाचियाच्या डोंगरांशी लग्न लावलं आणि पुढे त्यावर चित्रपटही काढला. कल्पना लोभस आहे, पण तिचा प्रेक्षक आधीच पटलेला. त्या मानाने मे २०१२ मध्ये चार्ल्सटनला राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर घडलेला प्रयोग साधा होता. हुतात्म्यांच्या स्मरणदिनी खाणपट्ट्यातल्या विसेक रहिवाशांनी, त्यांत बहुतेक बायका, डोकी भादरून घेतली. डोंगर बोडका होतो तसं डोकं. आपल्याकडे मुंडण आंदोलन इतकं रुळलंय की त्याची बातमी आतल्या पानावर जाते. आणि बाईचं केशवपन म्हटलं की विधवांवर चाललेल्या वस्तऱ्याचा कडू इतिहास आठवतो. चार्ल्सटनला वस्तरा कुणी लादला नव्हता, म्हणूनच तो बोलला. सोंग वठायला सोंग घेणाऱ्याचं काहीतरी पणाला लागावं लागतं. केस सहा महिन्यांत परत येतात, माथा येत नाही, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नसेल.

छत्तीसगडमध्ये रायगढ जिल्ह्यातल्या गारे गावचे लोक २ ऑक्टोबरला ‘कोयला सत्याग्रह’ करतात, तो याच जातीचा. ते स्वतःच्या जमिनीतला कोळसा स्वतः खणतात. मिठाच्या सत्याग्रहाची ही उघड नक्कल आहे, आणि पेचही तोच: अटक करायची, की कायदा मोडू द्यायचा? इथे प्रेक्षक सरकार आहे, आणि त्याला बघ्याची भूमिका घेता येत नाही.

एकट्याचा प्रयोगही कधी पुरतो. वेस्ट व्हर्जिनियात सनडायल इथे मार्श फोर्क नावाची प्राथमिक शाळा होती. शेजारी कोळशाचा सायलो, आणि वरच्या अंगाला २.८ अब्ज गॅलन क्षमतेचं गाळपाण्याचं धरण. असं धरण फुटलं की काय होतं हे त्या राज्याला ठाऊक होतं. फेब्रुवारी १९७२ मध्ये बफेलो क्रीकला १२५ माणसं गेली होती. एड वायली या आजोबांची नात त्या शाळेत जात होती आणि ते स्वतः पूर्वी कोळशाच्याच कामावर होते. नव्या शाळेची मागणी घेऊन २००६ साली ते चार्ल्सटनहून वॉशिंग्टनपर्यंत ४५५ मैल चालत गेले. आळंदी ते पंढरपूर वाटेच्या जवळजवळ तिप्पट. तिथे ते सिनेटर रॉबर्ट बर्ड यांना भेटले. मुलांनी नव्या शाळेसाठी पेन्या गोळा केल्या. पैसे जमायला २०१० उजाडलं, आणि ते देणाऱ्यांत शेवटी मॅसीही होती. दुसऱ्या जागी बांधलेली शाळा जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाली. धरण होतं तिथेच राहिलं.