दोन पांढऱ्या तारा

संपादकांनी मला पाठवलं होतं ऑशकॉशचा विमानमेळा बघायला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे छोटं शहर. दर जुलैत आठवडाभर इथे दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. लढाऊ जेट, जुनी युद्धविमानं, धुराच्या रेघा काढणारे कसरतपटू असं सगळं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी रिव्हेट मारायला शिकवणाऱ्या एका मांडवात सत्तरीच्या एका निवृत्त फिटरची गाठ पडली. स्वतःचं विमान त्यांनी घराच्या गॅरेजमध्येच बांधायला घेतलं होतं. "उद्या शेपटीत ट्रिमची मोटर जोडणार आहे. मागे उभं राहून बघायला एक माणूस हवाय," ते म्हणाले. मेळा सोडून मी त्यांच्याकडे गेले.

घरी विमान बांधण्याची चळवळ इथे जुनी आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला अशा हौशी लोकांची संघटना काढली. १९५५ मध्ये एका लोकप्रिय मासिकात त्यांनी बेबी एस हे छोटं विमान कसं बांधायचं ते लिहिलं, आणि देशभरातल्या गॅरेजांमध्ये लोक कामाला लागले. सरकारची मुख्य अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणीसाठी किती वर्षं झगडावं लागलं, ते आठवून मला या सोप्या नियमाचा हेवा वाटला.

गॅरेजमधलं विमान होतं व्हॅन्स कंपनीच्या संचातलं आरव्ही-७. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी सत्तरच्या दशकात ऑरेगॉनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या संचांतून आजवर अकरा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत. हे अजून उडायचं होतं. पंख भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि शेपटीखाली एक लाकडी घोडी.

ट्रिम म्हणजे काय, हे मला तिथे बसून नीट कळलं. विमानाचं नाक वर-खाली करतो तो एलेव्हेटर, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा हलता भाग. वेग बदलला, इंधन संपत गेलं, शेजारी माणूस बसला, की नाक आपली जागा सोडतं आणि वैमानिकाला दांडी सतत ओढून किंवा दाबून धरावी लागते. पतंग एका अंगाला कन्नी खायला लागला, की दुसऱ्या टोकाला चिंधी बांधून त्याला सरळ करतात. ट्रिम ही तशीच चिंधी आहे, फक्त ती उडता उडता बदलता येते. एलेव्हेटरच्या मागच्या कडेला बिजागरीवर एक छोटी पट्टी असते. ती खाली झुकली की हवा तिला वर ढकलते, तिच्याबरोबर सगळा एलेव्हेटर वर जातो, शेपटी दबते आणि नाक उचललं जातं. हात मोकळा होतो.

पूर्वी ही पट्टी हलवायला कॉकपिटमध्ये चाक किंवा मूठ असायची आणि तिथून शेपटीपर्यंत केबल. अजूनही बरेच जण तेच पसंत करतात, कारण त्याला वीज लागत नाही. माझंही मन तिकडेच झुकत होतं. पण या फिटरच्या उजव्या मनगटाला संधिवात आहे. दांडी न सोडता अंगठ्यानं काम व्हावं, म्हणून मोटर.

ती मोटर, म्हणजे सर्व्हो, मी तळहातावर घेतली. काड्यापेटीहून थोडी मोठी आणि वजनाला नगण्य. आत एक इवलीशी मोटर, दात्यांची चाकं आणि एक फिरता स्क्रू. स्क्रूमुळे दांडा पाऊण ते सव्वा इंच पुढे-मागे सरकतो. मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली ती ही, की स्क्रू दांड्याला ढकलू शकतो, पण दांडा स्क्रूला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी पट्टी जिथे आहे तिथेच राहते.

सर्व्होतून पाच बारीक तारा निघतात. नारिंगी, हिरवी आणि निळी या तीन पट्टी कुठे आहे ते कॉकपिटमधल्या दर्शकाला सांगतात. मोटरच्या दोन्ही तारा मात्र पांढऱ्या. एकीवर धन, दुसरीवर ऋण दिलं की दांडा बाहेर, उलट दिलं की आत. कोणती कुठे, हे रंग सांगत नाही. ते जोडून बघूनच ठरवायचं.

त्यांनी दोन्ही तारा तात्पुरत्या जोडल्या आणि कॉकपिटमध्ये चढून बसले. मी शेपटीमागे उभी. "नाक वर," त्यांनी आवाज दिला. गुंईऽऽ असा बारीक आवाज झाला आणि पट्टी वर सरकली. मला वाटलं, बरोबर. नाक वर, पट्टी वर. तसं मी ओरडूनही सांगितलं.

ते खाली उतरून आले. रागावले नाहीत. पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "नाक वर हवं तर ही खाली यायला हवी. ही चूक इथे जमिनीवर दिसत नाही, कारण इथे वारा नाही." वाऱ्याशिवाय पट्टी हलली तरी एलेव्हेटर जागचा हलत नाही, त्यामुळे चुकीची जोडणी अगदी शहाण्यासारखी वागते. मी 'बरोबर' म्हटलं ते खरं धरून त्यांनी तारांना डाग दिला असता तर? त्यांनी पांढऱ्या तारांची अदलाबदल केली, पुन्हा चढले, आणि या वेळी मला फक्त 'वर' किंवा 'खाली' एवढंच सांगायला लावलं. बरोबर-चूक ते ठरवणार.

त्यानंतरचा सगळा दिवस धोक्यांचाच होता. सर्व्हो एलेव्हेटरच्या बिजागरीमागे बसतो, म्हणजे मागची बाजू जड झाली. मग पुढच्या टोकाला शिशाचं वजन पुरेसं आहे का, ते पुन्हा तोलून बघायचं. तोल चुकला किंवा पट्टीत ढिलाई राहिली, तर वेगात ती फडफडू लागते, आणि अशी फडफड काही क्षणांत शेपटी मोडू शकते. २०११ मध्ये रीनोच्या शर्यतीत एक जुनं मस्टँग विमान प्रेक्षकांजवळ कोसळलं आणि वैमानिकासह अकरा जण गेले. तपासात निघालं, की झिजलेल्या लॉकनटांमुळे ट्रिम पट्टीचे स्क्रू सैल झाले होते. हे सांगताना त्यांनी बिजागरीच्या पिनेला चिमटीत धरून हलवून पाहिलं. मग पुन्हा एकदा. काढलेला लॉकनट ते परत वापरत नाहीत. नव्यांची पुडी बाकावरच होती.

दुसरी भीती दांडीवरच्या बटणाची. बटण आत अडकलं किंवा मोटरला वीज देणाऱ्या रिलेची टोकं चिकटली, तर मोटर थांबतच नाही. पट्टी टोकापर्यंत जाते आणि दांडी हाताला जड होत जाते. वेग जितका जास्त तितकी जड. म्हणून पट्टीचा प्रवास हवा तेवढाच ठेवायचा, वेगात मोटर हळू चालेल अशी सोय करायची, आणि वीज तोडणारा ब्रेकर हाताजवळ. पहिल्या चाचणी-उड्डाणांत ते उंचावर, कमी वेगात, ट्रिम मुद्दाम दोन्ही टोकांना नेऊन पाहणार आहेत, की दुखऱ्या मनगटानं विमान सावरता येतं का. नाही आलं, तर पट्टीचा प्रवास अजून कमी करायचा. वहीत पेन्सिलीनं तशी नोंद होती.

संध्याकाळी निघताना मी पुन्हा डोकावले. ते अर्धवट कॉकपिटमध्ये डोळे मिटून बसले होते. उजव्या अंगठ्यानं बटण दाबून धरलेलं, मागे पट्टी सरकत होती. डावा हात पॅनेलवर चाचपडत गेला, एक खटका लागला, तो नव्हता. दुसरा सापडला. आवाज थांबला. "चार सेकंद," ते म्हणाले, आणि डोळे न उघडता हात पुन्हा मांडीवर ठेवला.