खोकं उघडायचं की जपायचं?

वॉटफर्डजवळच्या लीव्ह्सडनला आज सगळे हॅरी पॉटरचा स्टुडिओ बघायला येतात. दुसऱ्या महायुद्धात तिथेच लाकडी मॉस्किटो विमानं बनायची. त्याच विमानाचं एअरफिक्सचं जुनं, सीलबंद किट माझ्याकडे आहे. मित्र म्हणतात, "उघडू नकोस, किंमत जाईल." पण विमानावर चिकटवायची चित्रं बंद खोक्यातही पिवळी पडतात, तडकतात. म्हणजे जपलं तरी ते जसंच्या तसं राहत नाहीच! दुर्मीळ असेल तर ठेवावं, मान्य. माझं तसं नाही. दिवाळीतला किल्ला आपण विकायला थोडाच करतो? लेक आठ वर्षांची आहे. अजून तीन-चार वर्षं ती हौसेनं माझ्याशेजारी बसेल. तेवढ्यात जोडून टाकतो. तुमच्या माळ्यावर काय पडलंय?