सायकल सोडायचं वय कोणतं?

पन्नाशी उलटल्यावरही माणूस सायकलवरच कामाला निघाला, की सल्ले सुरू होतात. ‘आता पुरे झालं’, ‘एखादी गाडी घ्या’, ‘या वयात पडलात तर?’ घरच्यांची काळजी खरी असते, पण तिच्यामागची समजूत बहुतेक वेळा ऐकीव असते. अशा ऐकीव गोष्टींपायी कित्येकजण पंचवीस-तीस वर्षांची चांगली सवय मोडतात. वयाप्रमाणे सायकलची ठेवण, रस्ता आणि वेग बदलावा लागतो, हे खरं. सायकल सोडावी लागते, हे मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही.

गैरसमज : सायकलने गुडघे झिजतात.

वस्तुस्थिती : चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर येतो. सायकलवर त्यातला बराचसा भार सीट पेलते आणि गुडघा दणका न बसता हलत राहतो. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातात फिजिओथेरपिस्ट जागेवरची सायकल चालवायला सांगतात. सरासरी 64 वर्षं वयाच्या सुमारे 2,600 जणांचा एक अमेरिकी अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी 17 टक्क्यांनी कमी आढळली. एक्स-रेत दिसणारा आणि दुखणारा संधिवात 21 टक्क्यांनी कमी होता.

तरीही सायकलमुळे काहींचे गुडघे दुखतात. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे खाली ठेवलेली सीट. बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवतात. मग गुडघा पुरता उलगडतच नाही, दुमडलेल्या अवस्थेतच जोर लावत राहतो आणि वाटीमागे दाब वाढतो. उंची घरीच तपासता येते. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पायडलवर असला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो, तेवढाच हवा. सीट वर घेतल्यावर थांबताना सीटवरून पुढे सरकून पाय टेकण्याची सवय मात्र आधी मोकळ्या जागेत करून घ्यावी.

गिअर असतील तर चढावर हलका गिअर घ्या. जोराने रेटण्यापेक्षा पाय हलके आणि भराभर फिरवणं गुडघ्याला मानवतं. साधी सायकल असेल तर उतरून ती हाताने चढावर न्या. त्यात कमीपणा काही नाही.

गैरसमज : या वयात हृदयाला झेपत नाही, आणि आता सुरुवात करून उपयोगही नाही.

वस्तुस्थिती : डेन्मार्कमध्ये 50 ते 65 वयाच्या सुमारे 53 हजार स्त्री-पुरुषांचा 20 वर्षं पाठपुरावा झाला. पहिल्या पाच वर्षांत ज्यांनी सायकल नव्याने धरली, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका सायकलपासून लांबच राहिलेल्यांपेक्षा 26 टक्क्यांनी कमी दिसला. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास मांडला. मोटारीने किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 41 टक्क्यांनी कमी होता. मुळात ठणठणीत असलेली माणसंच सायकल चालवत राहतात, हेही यामागचं एक कारण असू शकतं. संशोधकांनी धूम्रपान, आहार, वजन अशा गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरलाच.

छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप ही लक्षणं असतील किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सायकलला हात लावावा. बाकीच्यांनी बोलता येईल इतपतच दम लागेल असा वेग ठेवावा. पाच किलोमीटरला ताशी 15 च्या वेगाने 20 मिनिटं लागतात, ताशी 12 च्या वेगाने 25. पाच मिनिटं आधी निघालं की घाईचं कारणच उरत नाही.

गैरसमज : रोज सायकल असली की दुसरा व्यायाम नको.

वस्तुस्थिती : हा सायकलप्रेमींचाच लाडका गैरसमज आहे. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 55 ते 79 वयाच्या 125 हौशी सायकलपटूंना तपासलं. वयाबरोबर अपेक्षित असलेली स्नायूंची घट त्यांच्यात दिसली नाही, प्रतिकारशक्तीही तरुणांसारखी आढळली. पण हे रोजच्या ये-जा करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त अंतर कापणारे लोक होते, हे विसरू नये. शिवाय हाडांचा प्रश्न वेगळा आहे. हाडं बळकट राहायला त्यांच्यावर भार पडावा लागतो आणि सायकलवर तो भार सीट घेते. म्हणून चालणं, जिने चढणं, थोडी वजनं उचलणं याला पर्याय नाही. 65 वर्षांवरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाळी गेलेल्या स्त्रियांनी तर हे आवर्जून करावं.

गैरसमज : शहराच्या धुरात सायकल चालवणं म्हणजे फायद्यापेक्षा तोटाच.

वस्तुस्थिती : केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये नेमका हाच हिशेब मांडला. दिल्लीच्या हवेतसुद्धा आठवड्याला पाच तासांहून अधिक सायकल चालवल्यावरच तोटा फायद्याला मागे टाकतो, असं त्यात निघालं. पुण्या-मुंबईच्या हवेची वार्षिक सरासरी त्याहून बरीच बरी असते. मात्र दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांनी हिवाळ्यात धुरकट सकाळ टाळावी. हमरस्त्याऐवजी आतली गल्ली धरली तर धूर कमी लागतो आणि गाड्याही कमी.

गैरसमज : बॅटरीची सायकल म्हणजे व्यायामाला रामराम.

वस्तुस्थिती : पायडल मारल्यावरच मोटार जोर देते, अशा सायकलीत पाय हलवावेच लागतात. युरोपातल्या सात शहरांच्या अभ्यासात बॅटरीची आणि साधी सायकल वापरणाऱ्यांचा एकूण व्यायाम सारखाच भरला, कारण बॅटरीवाले जास्त लांबवर जातात. वाटेत चढ असेल आणि त्यापायी सायकल सुटणार असेल, तर हा पर्याय जरूर घ्यावा. आपल्याकडे 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या अशा सायकलीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही.

गैरसमज : वय झालेल्यांनी रस्त्यावर उतरूच नये.

वस्तुस्थिती : यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. वयाबरोबर मान मागे वळत नाही, मोतीबिंदूमुळे समोरचे दिवे डोळ्यांवर येतात, पडल्यावर हाड मोडायची शक्यता वाढते. घरोघरी सायकल असलेल्या नेदरलँड्समध्येही सायकल अपघातात जीव गमावणाऱ्यांत वृद्धांचं प्रमाण मोठं आहे.

यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत. टांग टाकताना आणि उतरताना तोल जात असेल, तर मधली दांडी नसलेली लेडीज सायकल घ्या, पुरुषांनीसुद्धा. हँडलच्या उजव्या बाजूला आरसा लावा. हेल्मेट, पुढे-मागे दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्या हव्यातच. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांवर वळू नका आणि ब्रेक दाबू नका. डोळे दरवर्षी तपासा. झोपेची किंवा गुंगी आणणारी औषधं सुरू असतील, तर तसं डॉक्टरांना सांगा.

उरलेला धोका मात्र सायकलस्वाराच्या हातात नाही, तो रस्त्यात आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशातल्या शेतीबाहेरच्या कामकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. एमआयडीसीतले कामगार, रात्रपाळीचे वॉचमन, मुंबईचे डबेवाले अशा अनेकांसाठी सायकल हौस नसून पोटापाण्याचं साधन आहे. त्यांना ‘गाडी घ्या’ असं सांगणं म्हणजे प्रश्न झटकणं होय. पुणे महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तरी शहरात सायकल मार्गांवर दुचाक्या उभ्या दिसतात आणि चौक आला की मार्ग अचानक संपतो. साठीच्या माणसाला निर्धास्तपणे जाता येईल असा सलग मार्ग शाळेतल्या मुलालाही उपयोगी पडतो. घरातल्या ज्येष्ठाला सायकल सोडायला सांगण्याआधी तिची सीट वर करून द्या, दिवा लावून द्या आणि आपल्या नगरसेवकाकडे तो सलग मार्ग मागा. त्याने काळजीही मिटेल आणि सायकलही सुटणार नाही.