एकाच घरातल्या दोन अबोल जावा

एका वाड्यातल्या दोन जावांनी अबोला धरला की बाकीच्यांची काय फजिती होते, हे मैत्रिणींना सांगायला नको. मिठाची बरणी हिच्या खोलीत, चहाची पूड तिच्या, आणि निरोप न्यायला पोरं! दिवाळीनंतर आमच्या बिलोलीच्या घरात नेमकं असंच झालं. फक्त जावांच्या जागी दोन कॉम्प्युटर होते, आणि निरोप नेणारं पोर म्हणजे पेन ड्राइव्ह.

थोरली म्हणजे मामंजींचा जुना कॉम्प्युटर, मागच्या खोलीतला, विंडोज ७ वर चालणारा. धाकटी म्हणजे माझा लॅपटॉप, विंडोज ११ चा. दोघींना इंटरनेट एकाच राउटरवरून. थोरलीला तारेने, धाकटीला वायफायने. पण एकीतली फाइल दुसरीत पाहायची म्हटली की दोघी तोंड फिरवायच्या.

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण मामंजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. निवृत्त झाल्यावर हौसेने कॉम्प्युटर शिकलेला माणूस. आमच्या आजेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी फार पूर्वी कॅसेटवर घेतल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी या यंत्रात भरून ठेवल्या. मध्ये मध्ये त्यांचाच आवाज आहे. ही ओवी कुठल्या गावची, कोण म्हणायचं, ते सांगणारा. सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, "वर्षश्राद्धाला पोरी येतील, तवा त्यांचा आवाज ऐकवा बाई." आणि इकडे ते यंत्र सुरू करताना आतून कट्-कट् वाजू लागलेलं. हार्ड डिस्क अशी वाजू लागली की तिने निघायची तयारी केली, असं समजावं.

पेन ड्राइव्हवर का नाही घेतलं, असं कुणी विचारेल. घेतलं की. ओव्या थोड्याफार गेल्या, पण मामंजींच्या पंच्याहत्तरीचं चित्रण जाईना. बाजारातले बरेचसे पेन ड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही, मग ड्राइव्ह ३२ जीबीचा का असेना. शिवाय आमचा ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आला तो रोग घेऊनच. सगळ्या फोल्डरांचे नुसते शॉर्टकट झालेले. तो पुन्हा मामंजींच्या यंत्राला लावायचा माझा धीर होईना.

शेवटी ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्या मुलाला फोन केला. त्याने दोन मिनिटांत उपाय सांगितला. "ताई, दोन्हीकडची फायरवॉल बंद करा, पासवर्डचं ऑफ करा, एव्हरीवनला सगळं देऊन टाका आणि ते जुनं एसएमबी-वन चालू करा. पाच मिन्टाचं काम आहे."

मी करायलाही बसले. शेजारी अभ्यास करत बसलेली लेक मान वर न करता म्हणाली, "आई, मग वरच्या भाडेकरूंना पण दिसेल ना सगळं? त्यांना आपलं वायफाय दिलंय की."

माझा हात थांबला. लॅपटॉपवर बँकेचे कागद होते, सासूबाईंचं आधार होतं, आणि शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका होत्या. भाडेकरू माणसं भली आहेत, पण त्यांच्या घरी येणारा-जाणारा कोण, कुणाच्या मोबाइलात काय, हे त्यांना तरी कुठं ठाऊक!

हे एसएमबी म्हणजे काय, ते सांगते. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याची फाइल मागायची आणि त्याने द्यायची, याची जी ठरलेली बोली आहे तिचं हे नाव. १९८० च्या दशकात ती आयबीएम कंपनीत जन्मली. त्या काळी कचेरीतले सगळे एकमेकांना ओळखत, म्हणून पहिल्या बोलीत संशयाला फारशी जागा नव्हती. त्याची किंमत जगाने २०१७ साली मोजली. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम या जुन्या बोलीतल्या एका भोकातून शिरला आणि एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरत गेला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. तो तर आपल्या दाराशीच आला म्हणा. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे असलेल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हा तर आतल्या यंत्रांचे पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्राचं कुलूप उघडायचा.

त्या वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी-वन आपणहून बसवणं बंद झालं. २००९ साली विंडोज ७ बरोबर आलेली होमग्रुप नावाची सोयही २०१८ मध्ये विंडोज १० मधून निघाली. विंडोज ११ च्या प्रो प्रकारात तर २०२४ च्या आवृत्तीपासून पासवर्डाशिवाय येणाऱ्या पाहुण्याला दाराशीच अडवतात. आमच्या घरात काहीच बिघडलेलं नव्हतं, हे इथं माझ्या लक्षात आलं. दोघी जावा शिकवल्याप्रमाणे वागत होत्या. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही! आपल्याला करायची होती ती नुसती ओळख, आणि उघडायची होती ती एकच खोली. दुरुस्तीवाला सगळा वाडाच उघडा टाकायला सांगत होता. शिवाय विंडोज ७ ला एसएमबीची दुसरी, सुधारलेली बोली येतेच. एसएमबी-वनची आम्हाला गरजच नव्हती.

आता सुरुवात कुठून करायची? मला एक खूण फार उपयोगी पडली. न जमल्यावर यंत्र काय म्हणतं ते नीट वाचायचं. 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड' म्हणालं, तर रस्ताच सापडलेला नाही. 'अॅक्सेस डिनाइड' म्हणालं किंवा नाव-पासवर्ड विचारत बसलं, तर रस्ता बरोबर आहे, किल्ली चुकली. ही दोन दुखणी वेगळी. रस्ता चुकलेला असताना पासवर्ड बदलत बसलं तर रात्र जाते. माझ्या दोन गेल्या.

आमचा आधी रस्ताच चुकला होता, आणि त्याचं कारण वाचून हसाल. लाइट! आमच्याकडे दिवसातून दोनदा तरी लाइट जाते. लाइट गेली की राउटर बंद. मग लॅपटॉप ह्यांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट पकडतो आणि लाइट आली तरी तिथंच चिकटून राहतो. म्हणजे थोरली आमच्या घरी आणि धाकटी ह्यांच्या खिशात. भेट व्हायची कशी? हे ओळखायला दोन्ही यंत्रांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. आयपीव्ही-फोर असं लिहिलेल्या ओळीत टिंबांनी तोडलेले चार आकडे येतात. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत. थोरलीचे होते १९२.१६८.१ आणि धाकटीचे १९२.१६८.४३. झालं, चोर सापडला. ज्यांच्या राउटरवर पाहुण्यांसाठी गेस्ट नावाचं वेगळं वायफाय आहे त्यांनी तेही बघावं; त्यावरच्या यंत्रांना घरातली यंत्रं बहुधा दिसू देत नाहीत. (भाडेकरूंना मी आता तेच दिलंय. त्यांना फरकही कळला नाही.)

लॅपटॉप घरच्या वायफायवर आणला, तरी दिसेना. दुसरी गोम इथं होती. विंडोज प्रत्येक जोडणीला एक शिक्का मारते, पब्लिक किंवा प्रायव्हेट. पब्लिक म्हणजे एस.टी. स्टँड, तिथं पदर सावरून बसायचं. प्रायव्हेट म्हणजे आपलं घर. विंडोज ११ नवीन वायफायला आपणहून पब्लिकच समजते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं वायफाय, मग आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीज, आणि प्रायव्हेट निवडायचं. विंडोज ७ मध्ये हेच नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये होम, वर्क, पब्लिक असं असतं. मी वर्क निवडलं, म्हणजे ते होमग्रुपचं लचांड मागे लागत नाही. त्यानंतर दोन्हीकडे अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन बटणं चालू केली. विंडोजची स्वतःची फायरवॉल या वेळी लागेल तेवढीच खिडकी उघडते. ती बंद करायची गरज नाही.

रात्रीचे अकरा वाजलेले. सासूबाई दारात येऊन उभ्या. "काय करायलीस गं एवढ्या रात्री? आवाज येईना का त्यायचा?"

"येतोय आत्या, रस्ता सापडलाय. आता किल्ली शोधायलेय."

किल्लीची गंमत अशी. मामंजींच्या खात्याला पासवर्डच नव्हता. घरातल्या माणसापासून काय लपवायचं, असा त्यांचा स्वभाव. पण विंडोजचा नियम असा की बिनपासवर्डाचं खातं त्या यंत्रासमोर बसूनच वापरता येतं, दुसऱ्या यंत्रावरून नाही. मोकळी जागा सोडून एंटर मारून मारून माझं बोट दुखलं. ज्यांचं यंत्र पिनने उघडतं त्यांचीही इथंच फसगत होते. चार आकडी पिन फक्त त्या यंत्रापुरती. दुसरीकडून येताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

मामंजींचं खातं मी तसंच ठेवलं. त्यांच्या यंत्रावर 'घर' नावाचं एक नवीन साधं खातं काढलं (नाव इंग्रजी अक्षरांत), त्याला चांगला पासवर्ड दिला आणि फक्त त्यांचा ओव्यांचा फोल्डर त्या खात्याला दाखवला. फोल्डरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. तिथं एव्हरीवन काढून 'घर' टाकलं आणि नुसतं रीड दिलं. वाचावं, पुसू नये.

तरी अॅक्सेस डिनाइड! कारण कुलपं दोन असतात. एक शेअरिंगचं, दुसरं शेजारच्या सिक्युरिटी या पानावरचं. दोन्हींपैकी जे कडक तेच चालतं. सिक्युरिटीतही 'घर'ला रीड दिलं. मग लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि थोरलीचे चार आकडे इंग्रजीत टाइप केले. नाव विचारल्यावर आधी थोरलीचं नाव, एक उलटी रेघ, मग 'घर' असं घातलं, कारण लॅपटॉप माझाच ई-मेल पुढे करत होता. आधी एखादा चुकीचा पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो पुसावा लागतो, नाहीतर यंत्र तीच चुकीची किल्ली फिरवत बसतं.

फोल्डर उघडला. बाई, मला हुंदकाच आला.

थोरलीला अर्ध्या तासाने डुलकी घ्यायची सवय होती, ती पॉवर ऑप्शन्समधून मोडली. लॅपटॉप वायफायवरून काढून तारेने राउटरला जोडला. मोठं चित्रण नेताना त्याने खूपच वेळ वाचतो. आणि एक सांगते, कट करू नका, कॉपीच करा. लाइट गेली तर निदान मूळ जागच्या जागी राहतं. आमची गेलीच एकदा, पहाटे. सगळं आल्यावर एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, चार-पाच फाइली उघडून, वाजवून पाहिल्या, आणि मगच मामंजींच्या यंत्राची तार काढली. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं जानेवारी २०२० मध्ये थांबलं. तसलं यंत्र कामाशिवाय इंटरनेटला जोडून ठेवू नये.

वर्षश्राद्धाला नणंदा आल्या. जेवणं झाल्यावर लॅपटॉप माजघरात ठेवला. आजेसासूबाईंची ओवी संपली आणि मामंजी म्हणाले, "ही कुंडलवाडीकडची आहे, आई माहेराहून घेऊन आली." सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "कुंडलवाडीची नाही ती. मी दहादा सांगितलं त्यांना. धर्माबादची आहे."

एक काम मात्र उरलं. त्याच फोल्डरात मामंजींच्या टिपणांच्या फाइली होत्या. त्या लॅपटॉपवर आल्या खऱ्या, पण उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. एक शब्द लागेना. फाइल बिघडली नव्हती. युनिकोड रूढ होण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असायचं. तो फाँट नसलेल्या यंत्रावर खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाँटची फाइल मामंजींच्या यंत्रावरून लॅपटॉपवर आणली तेव्हा वाचता आलं. पण उद्याच्या यंत्रावर पुन्हा तीच गत होणार. फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. एक लावून पाहिला, तर जोडाक्षरांची पार वाट लागली. म्हणून लेक आणि मी रोज संध्याकाळी दोन पानं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतो. ती वाचते, मी बोटं चालवते. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसतात आणि चुका सांगतात. आमच्या नाही, मामंजींच्या.