लसीका ग्रंथींतील कर्करोगाचा शोध

पेण वा रोहा येथील मुखकर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो, तेव्हा शस्त्रवैद्यापुढे प्रश्न असतो : गाठ हाताला लागत नसताना मानेतील लसीका ग्रंथी काढाव्यात काय? त्या रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या आरंभीच काढलेल्या गटातील ८० टक्के, तर रोग उघड होईपर्यंत थांबलेल्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. लहान ग्रंथीतही कर्क दडून असू शकतो. केवळ आकारावरून तो उमगत नाही. शिरेवाटे दिलेले लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण निरोगी ग्रंथीतील भक्षक पेशी गिळतात व दुसऱ्या दिवशीच्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रात ती ग्रंथी काळी दिसते. कर्कग्रस्त भाग उजळच राहतो. हे द्रव्य अद्याप नित्य वापरात नाही. मुखकर्करोगात त्याची विश्वसनीयता सिद्ध झाल्यास निरोगी मानेवरील शस्त्रक्रिया टळू शकेल.